महसूल, तहसील, हशील: एक अरबी धातू मुळापासून कसा शोधायचा

शेतसारा भरताना आपण 'महसूल' म्हणतो. दाखला काढायला 'तहसील' कचेरीत जातो. गोष्ट हातची गेली की 'आता बोलून काय हशील?' असं विचारतो. या तिन्ही शब्दांच्या मुळाशी तीच तीन अरबी अक्षरं आहेत, पण मराठीत त्यांची रूपं इतकी घासली गेली आहेत की नातं चटकन दिसत नाही.

अरबी किंवा उर्दू नव्यानं शिकणारे, मोडी कागद वाचू लागलेले, आखातात कामाला गेलेले आणि शब्दांची ओढ असलेले, अशा सगळ्यांना उपयोगी पडेल अशी पद्धत इथे दिली आहे. नमुन्याला एकच धातू घेतला आहे. तो नीट उलगडता आला की बाकीचे शेकडो शब्द याच रीतीनं उलगडतात.

## लागणारं साहित्य

- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७). अरबी शब्दापुढे कंसात रोमन 'ए', फारसीपुढे 'पी' आणि संस्कृतपुढे 'एस' अशी खूण असते.
- माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश (१९२५). मराठीत बसलेल्या रूपावरून मूळ शब्दाकडे जायला सगळ्यात जवळचा रस्ता हाच.
- प्लॅट्सचा उर्दू कोश (१८८४). यात शब्द उर्दू लिपीत छापलेला असल्यामुळे मूळ अक्षरं स्पष्ट दिसतात.
- हान्स वेअरचा आधुनिक अरबी कोश. आजच्या अरबीतला अर्थ पाहायला.
- लेनचा अरबी कोश (१८६३ ते १८९३). जुन्या अरबीतला अर्थ पाहायला. लेन १८७६ मध्ये वारले आणि क़ाफ या अक्षरापासून पुढचा भाग त्रोटक राहिला. आपला धातू त्याच्या बराच आधी येतो, म्हणून इथे अडचण नाही.

मोल्सवर्थ आणि प्लॅट्स शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. याखेरीज अरबी वर्णमालेचा २८ अक्षरांचा क्रम पाठ हवा. तो पाठ नसेल तर कोश हातात असूनही शब्द सापडत नाही. दोन-तीन दिवस घालवा आणि तो पक्का करा.

## पायरी १: मराठी उच्चारामागचं मूळ अक्षर ओळखा

बहुतेकांची गाडी इथेच अडते. अरबीतली वेगवेगळी अक्षरं मराठीत एकाच अक्षरात मिसळली आहेत:

- स मागे तीन अक्षरं असू शकतात: सीन (हिसाब), साद (महसूल), से (वारस).
- ह मागे दोन: घशातून काढायची 'बडी हे' (हुकूम) आणि साधी 'छोटी हे' (हौस).
- ज मागे जीमखेरीज आणखी चार: ज़े (वजन), ज़ाल (मजकूर), ज़ाद (जामीन), ज़ोए (नजर).
- त मागे दोन: ते (तारीख) आणि तोए (शर्त).
- क मागे दोन: काफ (मालक) आणि घशातला क़ाफ (कायदा).
- ऐन (घशातून काढायचं एक अरबी अक्षर) मराठीत बहुधा दिसतच नाही. तालीम, मालूम, जमा या तिन्हींत तो आहे, पण आपल्या कानाला फक्त लांब स्वर उरतो.

महसूलमधला ह म्हणजे बडी हे आणि स म्हणजे साद. पुढे ही दोन अक्षरं खाली टिंब देऊन ह़ आणि स़ अशी लिहिली आहेत.

आता 'हशील' बघा. त्यात स कुठेच नाही, श आहे. मराठी जिभेला 'सि' आणि 'सी' जड जातात, त्यांचा 'शि' आणि 'शी' होतो. सिक्का आला आणि शिक्का झाला, सिपाहीचा शिपाई झाला, तफसीलचा तपशील झाला, वकिलाकडे जाणारा असील अशील झाला. त्याच वाटेनं 'हासिल'चं 'हशील' झालं. तहसील लिहिताना आपण स राखतो, पण गावोगाव 'तहशीलदार' ऐकू येतंच. म्हणून फारसी-अरबी वळणाच्या शब्दात 'शि' किंवा 'शी' दिसली की आधी तिथे स ठेवून बघा. तपशीलमध्ये फ चा प झालाय, हेही टिपून ठेवा. असे बदल बरेच भेटतील.

शंका राहिली तर प्लॅट्स उघडा. तिथला उर्दू लिपीतला शब्द बघितला की सीन की साद हा वाद मिटतो.

## पायरी २: जोडलेली अक्षरं बाजूला काढा

आधी अरबी नसलेला भाग तोडा. तहसीलदारमधला 'दार' फारसी आहे, महसुलीतली 'ई' मागाहून लागलेली आहे. उरलं तहसील आणि महसूल.

धातूत बहुधा तीन व्यंजनं असतात. त्यांना जी अक्षरं चिकटू शकतात ती फक्त दहा. अरबी वैयाकरणांनी ती लक्षात राहावीत म्हणून 'सअल्तुमूनीहा' असा एक शब्दच करून ठेवला आहे. त्याचा अर्थ 'तुम्ही मला ते विचारलंत'. त्यात सीन, हमज़ा, लाम, ते, मीम, वाव, नून, ये, छोटी हे आणि अलिफ ही दहाही अक्षरं आहेत.

महसूल = म + ह़ + स़ + ऊ + ल. मीम आणि वाव (तोच इथे 'ऊ' म्हणून आला) त्या दहांपैकी, ते काढले.
तहसील = त + ह़ + स़ + ई + ल. ते आणि ये काढले.
हासिल = ह़ + आ + स़ + ल. अलिफ काढला.

तिन्हीकडे उरलं ह़-स़-ल.

लाम त्या दहांत असूनही आपण ठेवला, याकडे लक्ष द्या. दहांपैकी अक्षर जोडलेलं *असू शकतं*, असलंच पाहिजे असं नाही. ल काढला तर दोनच व्यंजनं उरतात आणि गणित जमत नाही. उलट, दहांच्या बाहेरचं व्यंजन दिसलं की ते धातूचंच, यात शंका नको. ह़ आणि स़ हे तसे.

## पायरी ३: वजन ओळखा

तीन अक्षरं स्वरांच्या ज्या साच्यात बसतात त्या साच्याला अरबी व्याकरणात वज़्न म्हणतात. आपण तराजूत करतो ते वजन हाच शब्द. साचा दाखवायला फ-ऐन-ल ही अक्षरं नमुना म्हणून वापरतात. संस्कृतात कृ पासून कर्ता, कार्य, कृती होतात तसंच हे, फक्त इथे बदल शब्दाच्या पोटात होतो.

मराठीत या साच्यांचे ढीगभर शब्द आहेत. यातले चार आधी पक्के करा:

फाइल (करणारा, होणारा): हासिल, हाकीम, वारस, जामीन, हजर.

मफऊल (ज्यावर क्रिया झाली ते): महसूल, मजकूर, मंजूर, मशहूर, मालूम.

तफ्ईल (क्रिया घडवून आणणं, कसून करणं): तहसील, तपशील, तालीम, तजवीज. हे चार शब्द एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणा. ठेका एकच आहे. हा ठेका कानात बसला की नवा शब्द कानावर पडताच ओळखू येतो.

इस्तिफ्आल (मिळवू बघणं, मागणं): इस्तेमाल.

मजूर किंवा मजदूर मात्र मफऊलच्या साच्यातला नाही. तो फारसी आहे, 'मुज़्द' म्हणजे मजुरी यावरून आलेला. 'म' नं सुरू होणारा प्रत्येक शब्द या साच्यात कोंबू नका.

## पायरी ४: कोशात योग्य जागी जा

हान्स वेअर आणि लेन यांत शब्द धातूखाली लावलेले असतात. महसूल मीमखाली शोधलात तर सापडणार नाही. ह़ म्हणजे वर्णमालेतलं सहावं अक्षर, तिथे जा. मग दुसरं अक्षर स़ (चौदावं), मग ल (तेविसावं).

वेअरमध्ये धातूच्या नोंदीत आधी क्रियापदं येतात. पहिलं साधं रूप, मग त्याच धातूत अक्षरं वाढवून होणारी पुढची रूपं (दुसरं, तिसरं, दहाव्यापर्यंत) रोमन अंकांनी. त्यानंतर नामं, लहानापासून मोठ्याकडे, आणि शेवटी हासिल-महसूलसारखी विशेषणरूपं. तेव्हा महसूलसाठी नोंदीच्या तळाकडे बघा. सुरुवातीलाच दिसला नाही म्हणून पान उलटू नका.

फारसी आणि उर्दू कोशांत मात्र सरळ वर्णक्रम असतो. महसूल मीमखाली, तहसील तेखाली. आणि कधी 'लिसान अल-अरब' या इब्न मन्ज़ूरच्या तेराव्या शतकातल्या महाकोशाची जुन्या मांडणीची प्रत हाती आली, तर तिथे क्रम धातूच्या *शेवटच्या* अक्षरावरून आहे: आधी लामचं प्रकरण, त्यात ह़ चा भाग. हे माहीत नसलं की अख्खी दुपार वाया जाते.

## पायरी ५: अर्थाचा गाभा शोधा, मग एकेक रूप लावा

कोशात एका धातूखाली वीस अर्थ दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो. पहिला छापलेला अर्थ उचलू नका. सगळ्या अर्थांना एकत्र बांधणारी गोष्ट कोणती, ते शोधा.

ह़-स़-ल साठी ती जुन्या कोशकारांनी सांगून ठेवली आहे. लिसानमध्ये हासिलची व्याख्या अशी: बाकी सगळं गेल्यावर जे टिकून राहतं ते. आणि कुराणातल्या शब्दांचा कोश करणारे रागिब इस्फहानी तहसीलबद्दल सांगतात की टरफलातून गर काढणं म्हणजे तहसील, जसं खाणीतल्या दगडातून सोनं आणि भुसातून गहू.

खळ्यावरची उफणणी डोळ्यांसमोर आणा. मळणी झालेला माल सुपातून वाऱ्यावर सोडतात. भूस उडून पलीकडे पडतं, जड दाणा सरळ पायाशी येतो. तो पायाशी पडलेला दाणा म्हणजे हासिल, दाणा वेगळा काढण्याचं काम म्हणजे तहसील, आणि जमलेली रास म्हणजे महसूल. हे चित्र मनात ठेवा आणि पुढची रूपं वाचा.

हसल (साधं क्रियापद): उरणं, हाती येणं, घडणं. आजच्या अरबीत 'माज़ा हसल?' म्हणजे 'काय झालं?' यामागे 'अला' हे अव्यय आलं की अर्थ बदलतो: 'हसल अला' म्हणजे मिळवणं, जसं नोकरी किंवा प्रमाणपत्र. अव्यय विसरलात तर 'मला व्हिसा मिळाला' याऐवजी भलतंच वाक्य होतं. क्रियापद त्याच्या अव्ययासकट पाठ करा.

हुसूल: वरच्या क्रियापदाचं नाम, मिळणं. उर्दू लिखाणात नेहमी भेटतं.

हासिल: उरलेलं, निष्पन्न. गणितात 'हासिल अल-जम्अ' म्हणजे बेरीज आणि 'हासिल अज़्-ज़र्ब' म्हणजे गुणाकार. हिंदी शाळेत बेरजेत 'हासिल आया एक' म्हणतात, आपण तिथे 'हातचा एक' म्हणतो. मराठी हशीलमध्ये दोन अर्थ आले, एक लाभ आणि दुसरा आकार किंवा जकात. जुन्या पुस्तकांच्या जाहिरातींत किमतीपुढे 'टपालहशील निराळे' असायचं, ते दुसऱ्या अर्थानं. 'काय हशील?' मध्ये पहिला अर्थ जिवंत आहे: एवढं सगळं उडून गेल्यावर हाती काय उरणार?

हस्सल (दुसरं रूप, मधलं अक्षर दुहेरी): वेचून काढणं, गोळा करणं. कुराणात हा धातू एकदाच येतो आणि तो याच रूपात, शंभराव्या सूऱ्याच्या दहाव्या आयतीत: 'व हुस्सिल मा फ़िस्सुदूर', काळजांत जे आहे ते बाहेर काढलं जाईल तेव्हा. उफणणीचं चित्र इथे अंगावर येतं.

तहसील: हस्सलचं नाम. गोळा करणं, वसुली, आणि विद्या मिळवणंही. अरबीत एक सुंदर प्रयोग आहे, 'तहसील हासिल': मिळालेलंच पुन्हा मिळवणं. आपल्या पिष्टपेषणाच्या, म्हणजे दळलेलं पीठ पुन्हा दळण्याच्या, अगदी जवळचा.

मुहस्सिल: गोळा करणारा, वसुलीचा माणूस.

महसूल: पीक, उत्पन्न. अनेकवचन महासील.

हस्साला: पैसे साठवायचा गल्ला. धोबीकामाच्या धातूपासून 'ग़स्साला' म्हणजे कपडे धुण्याचं यंत्र होतं, त्याच साच्यातला हा शब्द.

इस्तहसल (दहावं रूप): खटपट करून मिळवणं.

दहा रूपांपैकी सगळी प्रत्येक धातूला नसतात. ह़-स़-ल ची तिसरी, चौथी किंवा आठवी रूपं मनानं बनवून वापरू नका. साचा आहे म्हणून शब्द असतोच असं नाही. कोशात असेल तरच तो शब्द.

## पायरी ६: कोणत्या भाषेत अर्थ कुठे वळला ते तपासा

आपल्याकडे हे शब्द थेट अरबीतून आले नाहीत, फारसी राज्यकारभारातून आले. वाटेत अर्थ सरकले, आणि मराठी अर्थ घेऊन अरबी वाचायला बसलं की पंचाईत होते.

अरबी वर्तमानपत्रात 'महसूल अल-क़म्ह' दिसलं तर ती गव्हावरच्या कराची बातमी नाही, गव्हाच्या पिकाची आहे. कराला अरबीत 'ज़रीबा' म्हणतात. आपल्याकडे पिकातला सरकारचा वाटा तो महसूल, मग तो वाटा रोख झाला तरी नाव तेच राहिलं. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये तो शब्द आहे, आणि महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं.

तहसीलचा प्रवास आणखी लांब. अरबीत ते वसुलीचं काम. हिंदुस्थानात ज्या मुलखाची वसुली एका ठिकाणी व्हायची तो मुलूखच तहसील झाला, आणि विदर्भात तालुक्यालाही तहसील म्हणायची सवय आहे. इराणमध्ये मात्र 'तहसीलात' म्हणजे शिक्षण. तेहरानमध्ये कुणी तुमची तहसीलात विचारली तर तालुका सांगू नका, पदवी सांगा. तुर्कीतही 'तहसील' म्हणजे शिक्षण.

## हमखास फसवणारे शब्द

वसूल. महसूल आणि वसूल कानाला सख्खे भाऊ वाटतात, कामही एकाच कचेरीतलं. पण धातू वेगळे. वसूलमधला व धातूचाच आहे: व-स़-ल, जोडलं जाणं, पोचणं. आखातातल्या विमानतळावर आगमनाच्या बाजूला 'अल-वुसूल' लिहिलेलं असतं, तोच हा शब्द. रक्कम *पोचली*, म्हणून वसूल. महसूलमधला म मात्र साच्याचा आहे. नवख्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

अस्सल आणि अशील. यांचा धातू अ-स़-ल, म्हणजे मूळ. अशील म्हणजे खटल्यातला मूळ माणूस, ज्याच्या वतीनं वकील बोलतो.

हिसाब आणि हिस्सा. हिसाबमध्ये सीन आणि ब (ह़-स-ब), हिस्सामध्ये साद दोनदा (ह़-स़-स़). आपल्या धातूशी दोघांचाही संबंध नाही.

हौस आणि हौसला. हौस हे अरबी 'हवस', छोटी हे आणि सीन. हिंदीतला हौसला मात्र जुने अरबी कोश ह़-स़-ल खालीच देतात! 'हौसला' म्हणजे पक्ष्याच्या गळ्याखालची पिशवी, जिथे टिपलेले दाणे साठतात. कबुतर दाणे टिपत असताना बघा, छातीच्या वर फुगलेली दिसते ती. साठवण्याची ताकद, मग पोटात मावण्याची ताकद, आणि फारसी-उर्दूत थेट हिंमत. आधुनिक कोशांत मात्र तो चार अक्षरी धातू धरून वेगळा लावलेला असू शकतो, म्हणून दोन्ही जागी बघा.

## स्वतः करून बघा

कागदावर हे सहा शब्द लिहा: अंमलदार, मामलेदार, मामुली, तामील, इस्तेमाल, मामला. पायरी १ ते ३ लावून धातू आणि साचा काढा. लांब स्वरामागे ऐन दडलाय का ते पाहायला विसरू नका. मग खालची उत्तरं वाचा.

धातू सगळ्यांचा एकच, ऐन-म-ल: काम करणं. 'अमल' म्हणजे काम, त्याचा मराठीत अंमल. 'मअमूल' हे मफऊल, नेहमी केलं जाणारं, म्हणून मामुली. (अरब देशांत खजुराचं सारण भरलेल्या बिस्किटालाही मअमूल म्हणतात, शब्द तोच.) तामील हे तफ्ईल, समन्सची तामील होते ती. इस्तेमाल हे दहाव्या रूपाचं नाम. मामला हे 'मुआमला', तिसऱ्या रूपाचं नाम, म्हणजे व्यवहार. आखातातल्या सरकारी खिडकीवर तुमच्या अर्जाच्या प्रकरणाला आजही मुआमला म्हणतात. त्याच मुआमल्यावरून मामलत, आणि ती सांभाळणारा मामलेदार, जो गोव्यात अजून मामलेदारच आहे आणि महाराष्ट्रात ह़-स़-ल धातूचा तहसीलदार झाला आहे.

हे जमलं असेल तर पुढचा धातू ह़-क-म घ्या. हुकूम, हाकीम, हकीम, हिकमत आणि महकमा एवढे शब्द आधीच तुमच्या ओळखीचे आहेत. कोशात ह़ चं प्रकरण उघडलेलंच असेल, थोडी पानं पुढे जायचं आहे.